सहाध्यायी कुठे भेटतात? दूरशिक्षणातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या परस्परसंबंधांचा आढावा

नागपुरात अमरावती रस्त्यावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसर आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचे, विभागीय केंद्रही याच रस्त्यावर, हिंदुस्थान कॉलनीत आहे. परिसरातल्या पदव्युत्तर विभागांत एम.ए. करणारी मुले दोन वर्षे एकमेकांच्या सहवासात घडतात. तासाला शेजारी बसतात, सेमिनारला एकमेकांचे ऐकतात, चहा पिताना वाद घालतात, नोट्स मागतात आणि देतात, पुढे नोकरीच्या जाहिरातीही एकमेकांना कळवतात. इग्नूच्या केंद्रावर येणारा विद्यार्थी बहुधा काम घेऊन येतो. पुस्तकांचा गठ्ठा मिळाला नाही, नावात चूक झाली, गुणपत्रिका यायची आहे. काम झाले की तो परतीची बस धरतो. रांगेत त्याच्या पुढे उभा असलेला माणूस कदाचित त्याच्याच विषयाचा, त्याच्याच वर्षाचा असेल, पण ते कळायला काही मार्ग नसतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केले, की मान्यताप्राप्त संस्थांच्या मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या मानल्या जातील. पदवीचा दर्जा असा सारखा झाला. सहवासाचे काय? तो दूरशिक्षणात कसा मिळावा, मुळात मिळायलाच हवा का आणि मिळवून देणे कोणाचे काम, यावर गेली पन्नास वर्षे जगभर बरेच लिहिले गेले आहे. ती चर्चा आज कुठवर आली आहे आणि विदर्भातल्या विद्यार्थ्याला त्यातले काय लागू पडते, ते येथे पाहू.

टपालापासून मोबाइलपर्यंत

भारतात विद्यापीठीय दूरशिक्षण १९६२ साली दिल्ली विद्यापीठाच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमांनी सुरू झाले. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याची शिफारस केली होती. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये हीच वाट धरली. पाठ टपालाने यायचे, उत्तरे टपालाने जायची. महाविद्यालयांत जागा थोड्या आणि शिकू पाहणारे पुष्कळ, या अडचणीवरचा तो तोडगा होता. विद्यार्थी एकट्यानेच शिकणार हे त्यात धरूनच चाललेले होते. अधूनमधून संपर्क वर्ग भरत, त्यांचा भर अभ्यासक्रम उरकण्यावर असे.

ब्रिटनमधल्या ओपन युनिव्हर्सिटीने या कल्पनेत मोठा बदल केला. १९६९ साली स्थापन झालेल्या आणि १९७१ पासून शिकवू लागलेल्या या विद्यापीठाने छापील साहित्य आणि दूरचित्रवाणी यांच्या जोडीला स्थानिक शिक्षक, त्यांचे छोटे विद्यार्थी गट आणि उन्हाळ्यातल्या निवासी शाळा उभ्या केल्या. निवासी शाळेच्या आठवडाभरात जुळलेली मैत्री पुढे अभ्यासाचा मोठा आधार ठरल्याचे तिथले जुने विद्यार्थी सांगत आले. नंतरच्या काळात खर्च आणि विद्यार्थ्यांच्या सवडीचा प्रश्न यांमुळे या निवासी शाळा खूपच कमी झाल्या, हेही लक्षात ठेवायला हवे.

भारतातली मुक्त विद्यापीठे याच नमुन्यावर उभी राहिली. हैदराबादचे १९८२ मध्ये, इग्नू १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले, त्यामुळे दोन्हीकडच्या विचारात काही समान धागे दिसतात. दोन्ही विद्यापीठांची रचना साधारण सारखी आहे: मुख्यालय, त्याखाली विभागीय केंद्रे आणि त्याखाली अभ्यासकेंद्रे. दोघांचेही विभागीय केंद्र नागपुरात आहे. अभ्यासकेंद्र म्हणजे बहुधा गावातले एखादे चालू महाविद्यालय. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी तिथल्या वर्गखोल्या उघडतात, तिथलेच प्राध्यापक समंत्रक म्हणून संपर्क सत्रे घेतात आणि केंद्रसंयोजक प्रवेशापासून परीक्षेपर्यंत सगळे सांभाळतो. सहाध्यायी भेटावेत म्हणून या रचनेत जी काही जागा आहे ती हीच, रविवारच्या वर्गाची.

पुढे साधने वाढत गेली. इग्नूच्या ज्ञानवाणी या एफ.एम. वाहिनीचे एक केंद्र नागपुरातही होते. २००४ मध्ये एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला गेला, २०१७ पासून 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावर अभ्यासक्रम येऊ लागले. ही साधने प्रामुख्याने शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे जाणारी होती. विद्यार्थ्याला विद्यार्थ्याशी जोडणारी वाट व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामने उघडली आणि ती कोणत्याही विद्यापीठाने आखलेली नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत अभ्यासकेंद्रे बंद पडली तेव्हा अनेकांना उरलेला आधार तेवढाच होता.

कोण शिकते आहे

पूर्व विदर्भाचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर सहवासाच्या प्रश्नाची जात कळते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असे हे जिल्हे. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाचे सिरोंचा नागपूरहून रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर. धंतोलीत राहून एम.कॉम. करणारा बँक कर्मचारी आणि अहेरीच्या आश्रमशाळेत शिकवत एम.ए. करणारी शिक्षिका यांना आपण एकाच खात्यात, 'दूरस्थ विद्यार्थी' म्हणून मोजतो. पहिल्याला सहाध्यायी हवे असतील तर ते त्याच्या शहरात शेकड्याने आहेत, फक्त ओळख नाही. दुसरीच्या तालुक्यात तिच्या विषयाचे दुसरे कोणी असेलच असे नाही.

हे विद्यार्थी बहुतेक नोकरदार, संसारी असतात. शिक्षक, पोलीस, परिचारिका, ग्रामसेवक, बढतीची वाट पाहणारे लिपिक, मुले शाळेला जाऊ लागल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या बाया. नेट-सेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षांसाठी सहसा पदव्युत्तर पदवी लागते म्हणून आलेले तरुण वेगळे. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला वाव दिला, तेव्हापासून नियमित शिक्षण घेता घेता दुसरी पदवी दूरस्थ पद्धतीने करणारेही यात आले. हे सगळे एका वर्गात बसवले तरी त्यांच्या गरजा एक होणार नाहीत, आणि 'सामाजिक बंध' या शब्दाखाली प्रत्येकाला हवे असते ते वेगळेच. नेटच्या उमेदवाराला अभ्यासाचा जोडीदार हवा असतो. बऱ्याच वर्षांनी शिकायला लागलेल्या बाईला 'तुला जमेल' म्हणणारे माणूस हवे असते. लिपिकाला कदाचित काहीच नको असते, त्याला पदवी हवी असते, आणि त्यात गैर काहीच नाही.

कामाचा भारही पाहू. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे तीस तास धरतात. ८० श्रेयांकांचा एम.ए. म्हणजे २,४०० तास झाले. यातला समंत्रकासमोरचा वेळ अगदी थोडा. शिवाय इग्नूच्या बहुतेक सैद्धान्तिक विषयांच्या संपर्क सत्रांना हजर राहणे सक्तीचे नसते. उरलेले सारे तास विद्यार्थी रात्री जेवणे आटोपल्यावर, पहाटे, किंवा एस.टी.त खिडकीशी बसून काढतो. पुष्कळांनी शिकत असल्याचे कार्यालयात सांगितलेलेही नसते. नापास झालो तर काय, हा एक धाक, आणि 'आता या वयात कशाला' हे ऐकायची तयारी नसते, हे दुसरे कारण. घरात आणि कामाच्या जागी माणसे भोवती असूनही अभ्यासापुरता तो माणूस एकटा असतो.

पदव्युत्तर पातळीवर या एकटेपणाला आणखी एक बाजू आहे. बी.ए.ला पुस्तक समजले तर बरेचसे निभावते. एम.ए.ला पुस्तकाशी भांडावे लागते: हा लेखक असे का म्हणतो, त्याच्या विरोधात कोण आहे, मला काय वाटते. हे एकट्याने करणे फार अवघड आहे. समाजकार्याच्या पदवीला क्षेत्रकार्य असते, अनेक विषयांना प्रकल्प असतो, तिथे आपली मांडणी कोणासमोर तरी वाचून दाखवावी लागते. आयोगाच्या २००९ च्या नियमांनी एम.फिल. आणि पीएच.डी. दूरस्थ पद्धतीने करण्यावर बंदी आणली. संशोधनाकडे वळायचे तर हा विद्यार्थी नियमित विभागातून आलेल्यांशी स्पर्धा करतो. त्यांच्यापाशी मार्गदर्शकांच्या ओळखी असतात, चर्चासत्रांची सवय असते. याच्यापाशी गुणपत्रिका असते.

पहिली भूमिका: बंध हवेतच

सहाध्याय्यांशी बंध जुळायलाच हवेत, या बाजूच्या विचाराचे मूळ अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांच्या १९७५ च्या मांडणीत आहे. विद्यार्थी शिक्षण अर्ध्यावर का सोडतो, याचे उत्तर शोधताना टिंटो यांनी दुर्खाइमच्या आत्महत्येवरच्या विचाराचा आधार घेतला. समाजाशी जोड तुटली की माणूस समाज सोडतो, तसेच संस्थेशी आणि सोबत्यांशी जोड बसली नाही की विद्यार्थी संस्था सोडतो. त्यांचा विद्यार्थी वसतिगृहात राहणारा तरुण होता, तरी ही चौकट दूरशिक्षणातही लावली गेली.

मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातले अंतर मैलांत मोजण्याऐवजी संवादात आणि रचनेत मोजावे असे सुचवले. भौगोलिक अंतर असतानाही संवाद भरपूर असेल तर शिकणारा जवळ असतो, आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसलेलाही कधी फार दूर असतो. १९८९ मध्ये त्यांनी तीन प्रकारचे संवाद वेगळे केले: विद्यार्थ्याचा पाठ्यसाहित्याशी, शिक्षकाशी आणि दुसऱ्या विद्यार्थ्याशी. हा तिसरा प्रकार तोवर दूरशिक्षणात जवळजवळ विचारातच नव्हता.

इंटरनेट आल्यावर या विचाराला जोर आला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातील रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० मध्ये 'जिज्ञासू समूहा'ची चौकट मांडली. शिकण्याच्या अनुभवात बौद्धिक, सामाजिक आणि अध्यापकीय अशी तीन प्रकारची उपस्थिती लागते, असे तिचे सूत्र. समोरचे नाव हे खरे माणूस आहे असे वाटल्याशिवाय कोणी त्याच्याशी मतभेद व्यक्त करत नाही, आणि मतभेदाशिवाय विचार पुढे सरकत नाही. पदव्युत्तर शिक्षणाला हे तंतोतंत लागू पडते. अल्फ्रेड रोवाई यांनी तर समूहभाव मोजायला वीस विधानांची मापपट्टी तयार केली. तिची निम्मी विधाने जोडलेपणाची आणि निम्मी शिकण्याची होती. अनोळखी चाळीस जणांच्या वर्गाला 'आपला वर्ग' कधी म्हणावे, हे ठरवायचा हा एक प्रामाणिक प्रयत्न होता.

दुसरी भूमिका: मोकळीक आधी

बंधापेक्षा विद्यार्थ्याची मोकळीक महत्त्वाची, या बाजूचे म्हणणेही तितकेच जुने आणि भक्कम आहे. जर्मन विचारवंत ओटो पीटर्स यांनी साठच्या दशकातच दूरशिक्षण हे अध्यापनाचे औद्योगिक रूप असल्याचे म्हटले होते. काम वाटून घ्यावे, साहित्य उत्तम तयार करावे आणि ते हजारोंना पुरवावे. त्यातूनच ते स्वस्त होते आणि गरिबापर्यंत पोहोचते. स्वीडनचे बर्ये होल्मबर्ग यांनी या यांत्रिक चित्रात माया आणली. पाठ असा लिहावा की लेखक समोर बसून बोलतो आहे असे वाटेल. विद्यार्थी मनातल्या मनात त्याला उत्तर देईल आणि हा संवादही खराच. मराठीत लिहिलेले उत्तम स्वयं-अध्ययन पुस्तक वाचताना याचा प्रत्यय येतो, हे मी आवर्जून नोंदवेन. चांगला लिहिलेला घटक वाईट वर्गापेक्षा अधिक सोबत करतो.

टिंटो यांच्या चौकटीला सरळ आव्हान १९८५ मध्ये जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर यांनी दिले. नोकरी करणारे, घर सांभाळणारे, वयाने मोठे विद्यार्थी शिक्षण सोडतात ते मित्र नाहीत म्हणून सोडत नाहीत. पैसा, कामाचे तास, घरच्यांचा पाठिंबा, मुलांची जबाबदारी ही बाहेरची कारणे त्यांच्या बाबतीत निर्णायक ठरतात. संस्थेतल्या सामाजिक जोडणीचा परिणाम त्या मानाने फारच थोडा. आपल्याकडच्या विद्यार्थ्याचे चित्र टिंटो यांच्यापेक्षा या दोघांच्या वर्णनाशी पुष्कळच जुळते.

यानंतर एक गमतीची गोष्ट घडली. 'जिज्ञासू समूहा'च्या तीन जनकांपैकी एक असलेले टेरी अँडरसन यांनी २००३ मध्ये असे मांडले, की मूर यांच्या तीन संवादांपैकी एक जरी उच्च दर्जाचा असेल तर खोल शिक्षण होऊ शकते, उरलेले दोन कमी असले किंवा नसले तरी चालते. अँडरसन तेव्हा कॅनडाच्या अथाबास्का विद्यापीठात होते. तिथले पुष्कळ विद्यार्थी आपापल्या गतीने, कोणत्याही महिन्यात सुरुवात करून शिकतात. ज्याला गटात शिकायचे त्याला गटाची गती पाळावी लागते, आणि गती पाळायची म्हटली की ज्याच्यासाठी दूरशिक्षण काढले त्याचीच अडचण होते. नॉर्वेचे मॉर्टन फ्लाटे पॉल्सन यांनीही नव्वदच्या दशकात हाच पेच ओळखला होता आणि स्वातंत्र्य व सहकार्य दोन्ही राखण्याचा मार्ग शोधायचा प्रयत्न केला होता.

आपल्याकडे हा पेच रोजचा आहे. इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैला होतात, परीक्षा जून आणि डिसेंबरला. विद्यार्थी कोणते पेपर कधी द्यायचे हे ठरवू शकतो, दोन वर्षांचा शिक्षणक्रम त्याहून अधिक काळात पुरा करू शकतो. बाळंतपण, बदली, निवडणुकीची ड्यूटी, शेतीचा हंगाम या सगळ्यांतून वाट काढायला ही मोकळीक लागतेच. पण तिच्यामुळे 'बॅच' नावाची गोष्ट पहिल्या वर्षातच विरघळून जाते.

एक मुद्दा या चर्चेत कमी बोलला जातो. काहींना परिसर नसणे हीच सुटका असते. महाविद्यालयात आडनावावरून, बोलीवरून, कपड्यांवरून ज्यांना वेगळे बसवले गेले, त्यांना क्रमांकाने ओळखणारे विद्यापीठ अधिक न्याय्य वाटू शकते. सामाजिक बंध घडवायचा म्हणजे समाजही आत घ्यायचा, त्याच्या उतरंडीसकट. या मुद्द्याला अजून कोणी समाधानकारक उत्तर दिलेले मला आढळलेले नाही.

तिसरी वाट: कामाभोवतीचा बंध

दोन्ही टोकांच्या मध्ये उभे असलेले अभ्यासक म्हणतात, की बंध हवा की नको यापेक्षा तो कशाभोवती, एखाद्या समान कामाभोवती की स्थळाभोवती, बांधायचा, हे पाहा. नेदरलँड्समधील कारेल क्राइन्स, पॉल किर्शनर आणि विम योखेम्स यांनी २००३ मध्ये दोन नेहमीच्या चुका दाखवल्या. एक, साधन दिले की संवाद आपोआप होईल असे मानणे. दोन, संवाद घडवायचाच तर तो फक्त अभ्यासापुरता ठेवणे आणि माणसांनी एकमेकांना ओळखायला लागणारा इकडतिकडचा वेळ वाया गेला असे समजणे. या दोन्ही चुका आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत एकत्र नांदतात.

याच्या पुढे जाऊन लियाम रुर्क आणि हेदर कनुका यांनी २००९ मध्ये 'जिज्ञासू समूहा'वरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि समूहभावातून खोल शिक्षण घडल्याचा पुरावा फारच तोकडा असल्याचे सांगितले. त्यावर चौकटीच्या समर्थकांनी उत्तर दिले, वाद झाला. तो अजून मिटलेला नाही. समाधान वाढते, एकटेपणा कमी होतो, यावर दोन्ही बाजूंचे बऱ्यापैकी एकमत दिसते. आकलन वाढते का, यावर नाही.

इथे काय घडते आहे

व्हॉट्सॲप गटाचे वर्ष कसे जाते ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्रवेशाच्या दिवसांत गट भरतो. 'मी भंडाऱ्याहून', 'मी वर्ध्याहून, समाजशास्त्र' अशी नावगाव सांगण्याची एक लाट येते. मग 'पुस्तकं आली का कुणाची?' गृहपाठाची मुदत जवळ आली की 'शेवटची तारीख कोणती?', 'पेजेस किती लिहायचे?', 'कुणाकडे सॉल्व्ह केलेले आहे का?' आणि मागोमाग पीडीएफ. मग हॉल तिकीट. परीक्षेच्या संध्याकाळी गट सर्वांत जिवंत असतो: पेपर कसा गेला, कोणता प्रश्न बाहेरचा होता. निकालानंतर शांतता, सणांच्या शुभेच्छा, क्लासच्या जाहिराती, आणि एक दिवस ॲडमिन कंटाळून फक्त आपल्यालाच संदेश टाकता येईल अशी सोय करून घेतो, जी व्हॉट्सॲपने २०१८ पासून दिली आहे. दुर्खाइम आणि मार्क्स यांच्या मांडणीत नेमका फरक काय, असा प्रश्न कोणी टाकलाच तर खाली एखादा अंगठा उमटतो. तरीही या गटांना कमी लेखू नये. मुदतीची तारीख वेळेवर कळणे, एवढ्यानेही गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याचे वर्ष वाचते.

खरी भेट होते ती परीक्षा केंद्रावर. इग्नूच्या सत्रान्त परीक्षेत सकाळचा पेपर दहा ते एक आणि दुपारचा दोन ते पाच असतो. ज्यांचे दोन्ही पेपर त्याच दिवशी आहेत, ते मधला तास केंद्राच्या आवारात झाडाखाली काढतात. डबे उघडतात, कोणता घटक वाचून झाला याची विचारपूस होते, कोणी कुठून आले ते कळते, फोन नंबर घेतले जातात. ही ओळख वर्ष संपताना होते, तेव्हा तिचा अभ्यासाला उपयोग उरलेला नसतो. हाच तास वर्षाच्या सुरुवातीला मिळाला असता तर, असे मनात आल्याशिवाय राहत नाही. इग्नूच्या परिचय सभा त्यासाठीच असतात. पण तिथे नियमांची माहिती देणारे व्यासपीठावर आणि विद्यार्थी खुर्च्यांत अशी बैठक असते. शेजाऱ्याशी बोलायला निमित्त मिळत नाही.

स्थळाभोवतीचे काही नमुने मात्र विदर्भात आधीपासून आहेत. नागपूरच्या वस्त्यांतल्या बुद्धविहारांत, समाजमंदिरांत, सार्वजनिक वाचनालयांत अभ्यासिका चालतात. तिथे बहुतेक स्पर्धा परीक्षांची मुले बसतात, त्यांच्यात मुक्त विद्यापीठाची पुस्तके घेऊन बसलेलेही असतात. विषय प्रत्येकाचा वेगळा, पण पहाटे दार उघडणे, पंखा कोणाच्या डोक्यावर, चहाची सुट्टी किती वाजता, हे समान. टिंटो यांना हवी असलेली जोड आणि पीटर्स यांना हवी असलेली स्वतंत्र गती, दोन्ही तिथे सांभाळली जाते. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने 'विद्यापीठ आपल्या गावात' या उपक्रमात पदवीचे वर्गच गावात नेले आहेत. ते दूरशिक्षण नव्हे, पण गावच्या माणसांनी गावातच एकत्र बसून शिकावे ही त्यामागची दृष्टी या प्रश्नाला थेट भिडते.

नागपूर मध्यवर्ती कारागृहातही इग्नूचे अभ्यासकेंद्र आहे आणि बंद्यांना तिथे शुल्काशिवाय शिकता येते. विभागातल्या सगळ्या दूरस्थ विद्यार्थ्यांमध्ये रोज एकमेकांना भेटू शकणारे बहुधा हेच. सहवासाचा शिक्षणावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करायचा तर इथून बरेच हाती लागेल, अर्थात बंद्यांच्या संमतीने आणि त्यांचा मान राखून.

काय सुटलेले नाही

पहिला गुंता कारण आणि परिणामाचा. गटात सक्रिय असणारे विद्यार्थी पदवी पुरी करतात असे दिसले, तरी गटामुळे पुरी करतात की पुरी करणारेच गटात सक्रिय असतात, हे त्यावरून कळत नाही. बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांतही हा गुंता पुरता सुटलेला नाही. आपल्याकडे तर विषय, तालुका, लिंग आणि वय यांनुसार गळती पाहून मग बोलावे, अशा अभ्यासाची निकड आहे.

दुसरा प्रश्न प्रामाणिकपणाचा. इग्नूच्या बहुतेक शिक्षणक्रमांत गृहपाठाला तीस टक्के गुण असतात. एकमेकांना मदत आणि एकमेकांचे उतरवून घेणे यांतली रेघ गटात पटकन पुसली जाते, आणि तयार गृहपाठ विकणारेही त्याच गटांत शिरतात. यावर काहींचे म्हणणे असे, की गटच नकोत. दुसरे म्हणतात, गृहपाठच असा द्यावा की तो दुसऱ्याचा चालणार नाही: आपल्या गावची ग्रामसभा, आपल्या शाळेतली भाषा, आपल्या भागातली पाण्याची वाटणी. मला दुसरे म्हणणे अधिक पटते. मग सहाध्याय्यांशी बोलण्यासारखे काही तरी हाती येते, कारण प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. पण असे गृहपाठ तपासायला समंत्रकाला वेळ लागतो, आणि त्या वेळाचे मानधन कोण देणार?

भाषेचा प्रश्न नागपुरात विशेष टोकदार आहे. नाशिकच्या विद्यापीठाचे साहित्य मोठ्या प्रमाणात मराठीत, इग्नूच्या बहुतेक एम.ए.चे इंग्रजी आणि हिंदीत. शहरात तिन्ही भाषा बोलल्या जातात, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, सिरोंच्यात तेलुगूही. गटातली चर्चा कोणत्या भाषेत व्हावी यावर शांत, न बोललेली ओढाताण चालते आणि इंग्रजीत कच्चा असलेला विद्यार्थी सर्वांत आधी गप्प होतो.

आणि स्त्रियांचा प्रश्न. खुल्या गटात नंबर सगळ्यांना दिसतो, नको त्या वेळी नको ते फोन येऊ लागतात, घरचे म्हणतात गट सोड. कितीजणी याच कारणाने गटाबाहेर राहतात ते कोणी मोजल्याचे माझ्या पाहण्यात नाही. काही ठिकाणी बायांनी आपला वेगळा गट केला आहे, तो छोटा असतो आणि जास्त टिकतो. आकाराचा मुद्दा सगळीकडेच खरा आहे: शंभरांच्या गटात बोलणारे पाच, आठांच्या गटातही बोलणारे पाच.

यातून एक अगदी साधी गोष्ट पुढे येते. दोन्ही विद्यापीठांकडे प्रत्येक विद्यार्थ्याचा विषय, पत्ता आणि पिनकोड प्रवेश अर्जात आलेला असतो. एका तालुक्यातल्या, एका विषयाच्या किंवा नुसत्या एका शिक्षणक्रमाच्या पाच-सात जणांना एकमेकांचे नाव कळवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाल्यामुळे त्यासाठी विद्यार्थ्याची स्पष्ट संमती घ्यावी लागेल, म्हणजे अर्जात एक रकाना वाढवावा लागेल. तो रकाना कोणी वाढवायचा, नावे कळवल्यावर पहिली बैठक विभागीय केंद्राने बोलवायची की अभ्यासकेंद्राने, आणि केंद्रसंयोजकाच्या मानधनात ते काम धरायचे की नाही, हे अजून ठरायचे आहे.